डाव्या कानाचा कागद

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी खाणकामगारांच्या वसाहतीत, तिसऱ्या गल्लीत, जमीन खचली. खड्डा तोंडाशी अकरा फूट रुंद होता. पाण्याचा टँकर मागच्या चाकांनी आत गेला, पुढची चाकं वर राहिली. चालवणारा दार उघडून उडी मारायच्या बेतात होता, तेवढ्यात टँकर आणखी हातभर सरकला आणि दार व घराची भिंत यांच्यात त्याची कंबर सापडली. त्याला बाहेर काढायला पन्नास मिनिटं लागली. तो जिवंत होता.

त्याची बायको ही नकाशाखान्यातल्या बाईंची धाकटी बहीण.

नकाशाखाना म्हणजे खाण-मोजणी कार्यालयाच्या तळमजल्यावरची लांबोडकी खोली. दोन्ही अंगांना सपाट खणांची लोखंडी कपाटं, मध्ये एक मोठं टेबल आणि टेबलावर कागद दाबून ठेवायला खाणीतून आणलेले चार तांबट-हिरवे दगड. बाई त्या खोलीत एकतीस वर्षं होत्या. आधी नकाशे उतरवून घेणाऱ्या म्हणून लागल्या, मग सहायक झाल्या, आता प्रमुख. त्यांचा एकच कायदा होता: मूळ कागद खोलीबाहेर जाणार नाही. यमाकडून एक वेळ माणूस परत मिळेल, पण बाईंकडून मूळ कागद मिळायचा नाही, असं वरच्या मजल्यावर म्हणत.

सव्वाअकराला मुख्य मोजणी अधिकारी स्वतः जिना उतरून आले. एरवी ते शिपाई पाठवत. हे साहेब दर वाक्यात एकदा ‘तूर्तास’ म्हणत, त्यामुळे सगळं कार्यालय त्यांना पाठीमागे तूर्तास साहेबच म्हणायचं.

“मॅडम, चालू आवृत्ती काढा. वसाहतीचा भाग.”

बाईंनी कागद पसरला, चार दगड ठेवले. नकाशाच्या मधोमध वरून खाली कोरडी नदी जाते. तिच्या पूर्वेला वसाहत: आठ गल्ल्या, दवाखाना, शाळा. पश्चिमेला मोकळा माळ आणि त्यावर लाल रेघेच्या कुंपणात सात बारीक वर्तुळं. ही जुन्या खाणीत उतरायची बंद केलेली तोंडं, शाफ्ट. त्या कुंपणाला दर वीस पावलांवर धोक्याची पाटी होती आणि गेल्या एकोणतीस वर्षांत तिथे कोणी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

तिसऱ्या गल्लीवर साहेबांनी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं.

“तूर्तास इथे काही नाही,” साहेब म्हणाले. श्वास सुटल्याचा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू आला. “मग पाण्याचा पाइप गळत असणार. खालची माती भुसभुशीत झाली असेल. त्यात वरून टँकर. किती भरला होता कोण जाणे.”

“साहेब, तो टँकर माझ्या बहिणीचा नवरा चालवतो.”

“अरेरे,” साहेब म्हणाले. “मग तुम्ही जाऊन या ना. अर्धी रजा टाका.”

जिना चढताना त्यांची पावलं उतरतानापेक्षा हलकी वाजली.

*

धाकटी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. हातात नवऱ्याची एक चप्पल. दुसरी खड्ड्यात गेली होती.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन. पण डॉक्टरच्या आधी पोलीस आले, त्यांना जास्त घाई.” धाकटीचा आवाज कोरडा होता. “टँकर जास्त भरला होता असं लिहून आणलं होतं. तो अर्धवट शुद्धीत, आणि हे म्हणतात सही कर. मी नाही करू दिली.”

“बरं केलंस.”

“लायसन घेऊन गेले. म्हणाले, तुमच्या बहिणीच्याच ऑफिसने सांगितलंय, नकाशात तिथे काही नाही.”

“नकाशात नाहीये गं.”

“मग जमीन काय नकाशा न वाचताच खचली? अडाणी असेल बिचारी.” धाकटीने चप्पल बाकावर ठेवली. “ताई, तू रोज त्या कपाटांवर फडकं मारतेस. आत कधी बघतेस का?”

बाई तिथून सरळ तिसऱ्या गल्लीत गेल्या.

टँकर साखळदंडांनी ओढून बाजूला घेतला होता. खड्ड्याभोवती दोरी बांधून एका हवालदाराला उभं केलं होतं आणि तो घरांच्या सावलीत भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी दोरीवरून वाकून पाहिलं. वरचे तीन-चार हात सैल राडारोडा. त्याखाली काळपट ओंडक्यांची टोकं, चौकोनी तासलेली, एकावर एक रचलेली. पाइप गळून पडलेल्या खड्ड्यात कोणी तासलेलं लाकूड रचून ठेवत नाही.

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या वसाहतीत पाइप नव्हतेच! पाइप असते तर टँकर कशाला लागला असता?

गल्लीच्या टोकाला शाळेची भिंत होती. फाटकावर हाताने लिहिलेली सूचना चिकटवली होती: शाळा सोमवारी सकाळी साडेसातला भरेल. बाईंनी खड्ड्यापासून त्या फाटकापर्यंत पावलं मोजली. ही वडिलांची सवय. एकशे दहा झाली.

*

चार वाजता त्या नकाशाखान्यात परत आल्या. तोवर साहेबांचा अहवाल वर गेला होता. जुनी गळती व क्षमतेपेक्षा जास्त भरलेला टँकर. साप सोडून भुई धोपटायचा हा प्रकार बाईंनी पूर्वीही पाहिला होता. पण भुई धोपटणारा आपल्याच टेबलावरून काठी उचलून नेतो, हे पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी सर्वात खालच्या खणातून पहिली आवृत्ती काढली.

हा नकाशा शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. तो त्यांच्या वडिलांनी केला होता. वडील मोजणीदार होते. दोन हिवाळे त्यांनी हे वाळवंट पायाखाली घातलं, मागे पाण्याच्या पखाली लादलेला उंट आणि पुढे मोजणीचं तीन पायांचं मेज. टेकडीवर दगडी खांब उभारला आणि तिथून सगळा प्रदेश उतरवला: वाळूच्या टेकड्यांच्या तपकिरी रेघा, नदीचं कोरडं पात्र, उंटांच्या वाटा, खाणीची रुळांची गाडी. शाफ्ट मात्र त्या नकाशात नव्हते. शाफ्ट कुठे आहेत हे तेव्हाच्या खाण कंपनीचं गुपित होतं. ते कंपनीने वेगळ्या पारदर्शक ट्रेसिंगवर काढून कुलपात ठेवलं होतं. कंपनी बुडाली, तेव्हा ते ट्रेसिंग या कार्यालयाकडे आलं. त्यावर एक अक्षर नव्हतं, आकडा नव्हता, नुसते सात ठिपके आणि चार कोपऱ्यांच्या खुणा. ते ठिपके दुसऱ्या आवृत्तीवर चढवले, त्यावरून कुंपण घातलं आणि नदीच्या अलीकडची ‘सुरक्षित’ जमीन सपाट करून तिच्यावर वसाहत बांधली.

बाईंनी भिंग उचललं. वडिलांच्या नकाशात नदीच्या पूर्वेला, आज जिथे गल्ल्या आहेत तिथे, तपकिरी रेघांची सात बारीक वेटोळी होती. एका ओळीत, किंचित तिरपी. ढिगारे. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे.

त्या बराच वेळ त्या सात वेटोळ्यांकडे बघत राहिल्या. मग चालू नकाशा शेजारी ठेवला. पश्चिमेला सात शाफ्ट, एका ओळीत, किंचित तिरपे. तिरपेपणा उलट्या बाजूला.

कोण शहाणा खड्डा नदीच्या एका काठाला खणेल आणि त्यातली माती डोक्यावर घेऊन दुसऱ्या काठाला टाकायला जाईल?

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ढिगारे सपाट झालेले होते, म्हणून तिच्यावर ते नव्हते. पहिलीवर शाफ्ट नव्हते. ढिगारा आणि त्याचा खड्डा यांची एकाच कागदावर कधी भेटच झाली नव्हती. दोन्ही कागद मात्र या एकाच खोलीत, चार खणांच्या अंतरावर होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो कळसा रोज पुसणाऱ्या त्या स्वतः.

*

वडील त्र्याऐंशीचे झाले होते. काचबिंदूने नजर गेली होती. जीभ शाबूत होती.

“कोण? थोरली का?”

“हो बाबा.”

“जावई कसा आहे?”

“उद्या ऑपरेशन आहे.” बाई पलंगाच्या कडेला बसल्या. “बाबा, तुम्ही पूर्वेच्या काठाला ढिगारे दाखवलेत. सात. ते नक्की तिथेच होते?”

“नक्की म्हणजे? त्यातल्या तिसऱ्यावरून घसरून माझा गुडघा फुटलाय. दाखवू?” त्यांनी चादर सारायला घेतली.

“नको. शाफ्ट त्यांच्या शेजारीच होते?”

“मग काय माझ्या घराशेजारी होते? मला जवळ जाऊ द्यायचे नाहीत, पण लोक बादल्यांतून वर येताना लांबून दिसायचे की.” ते थांबले. “का गं?”

बाईंनी सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग एकच प्रश्न विचारला.

“त्या ट्रेसिंगचा कान कुठला कापलाय?”

कान म्हणजे कागदाचा कोपरा. पारदर्शक कागद कोणत्याही बाजूने सारखाच दिसतो, म्हणून उतरवून झाल्यावर त्याचा एक कोपरा कात्रीने छाटायचा, ही मोजणीदारांची रीत. छाटलेला कोपरा वर उजवीकडे आला की कागद सुलटा. कार्यालयात नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. बाईंनीही शेकड्याने लोकांना शिकवलं होतं.

“एकच कान आहे. उजवीकडे ठेवतो आपण.”

“आपण ठेवतो! आपण!” म्हातारा उठूनच बसला. “कंपनीवाले डावा कापायचे, मूर्खांनो! त्यांचा पहिला ड्राफ्ट्समन डावखुरा होता. त्याने डावा कापला, मग पुढच्या सगळ्यांनी डावा कापला. मेला तरी त्याची कात्री चालू होती. हे मला विचारायला कोणी आलं नाही? मी काय मेलो होतो? रिटायर झालो होतो फक्त!”

“बाबा, हळू.”

“हळू कशाला? उद्या नख फिरव त्याच्यावर. शाई ज्या अंगाला असते त्या अंगाला नखाला लागते, दुसऱ्या अंगाला नुसतं गुळगुळीत. पोरालाही कळेल.” ते दम खाऊन म्हणाले, “ते चढवलं कोणी त्या वेळी? कुठल्या गाढवाने?”

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. एकोणतीस वर्षांपूर्वी त्या नोकरीत दोन वर्षांच्या होत्या. उत्तर त्यांना रजिस्टर न उघडताच माहीत होतं.

*

शुक्रवारी सकाळी आठला, कार्यालय उघडायच्या आत, बाईंनी ट्रेसिंग काढलं. कान वर उजवीकडे ठेवला आणि तिसऱ्या ठिपक्यावरून नख फिरवलं. गुळगुळीत. कागद उलटला. कान डावीकडे गेला, आणि नख ठिपक्याच्या कडेला अडकलं.

उलटलेलं ट्रेसिंग त्यांनी वडिलांच्या नकाशावर ठेवलं. सात ठिपके सात ढिगाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग तेच चालू नकाशावर ठेवलं. तिसरा ठिपका तिसऱ्या गल्लीत. चौथा शाळेच्या पटांगणात. पाचवा बालवर्गाच्या खोलीखाली. सहावा आणि सातवा वसाहतीबाहेर, वाळूत.

पहिले दोन सातव्या नि आठव्या गल्लीच्या मागच्या उकिरड्यात होते. तिथे माणसं राहत नव्हती, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी.

एक खोट होती. ट्रेसिंगच्या कोपऱ्यांच्या खुणा नकाशाच्या कोपऱ्यांशी तंतोतंत जुळत नव्हत्या. कोरड्या हवेत इतकी वर्षं राहून ते आकसलं होतं. फरक केसाएवढा. पण या नकाशावर केसाएवढं म्हणजे जमिनीवर पंचवीस पावलं. आदल्या दिवशी खचलेला खड्डाही ठिपक्यापासून तेवढाच दूर, चढाच्या बाजूला होता.

रजिस्टर त्यांनी शेवटी उघडलं. उतरवून घेणार: त्यांची सही, तरुण, गोल, ऐटबाज. तपासणार: सहायक मोजणी अधिकारी. ते सहायक आज वरच्या मजल्यावर मुख्य होते.

दहा वाजता त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. हातात दोन नकाशे, रजिस्टर आणि ट्रेसिंग. मूळ कागद खोलीबाहेर निघाला होता. जिन्यात शिपाई बघतच राहिला.

साहेब मूर्ख नव्हते. त्यांनी दोन नकाशे पाहिले, ट्रेसिंग पाहिलं आणि कोणी न सांगता स्वतःच नख फिरवलं. एकदा या बाजूने, एकदा त्या. मग हात मांडीवर ठेवून बसले.

“आणखी कोणाला दाखवलंत?”

“अजून नाही.”

“मग तूर्तास हे इथेच राहू दे.”

“शाळा सोमवारी भरणार आहे साहेब.”

“मी बघतो. योग्य त्या मार्गाने. समिती नेमायला लागेल, जुनी कागदपत्रं मागवायला लागतील...”

“जुनी कागदपत्रं तुमच्या कोपराखाली आहेत.”

साहेबांनी कोपर उचललं. “मॅडम, रागात काही करू नका. रजिस्टरमध्ये आधी तुमचं नाव आहे. तीन वर्षं राहिलीत तुमची. पेन्शन आहे.”

“आधी माझं आहे, बरोबर. चूक आधी माझीच. मी कान बघितला, नख फिरवलं नाही. आणि तुम्ही तपासलं म्हणून सही केलीत, तुम्ही तेही नाही बघितलंत.” बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यांनी मूठ टेबलावरच्या काचेवर ठेवली होती. “एकोणतीस वर्षं आपण उंदराचं बीळ नसलेल्या माळाला कुंपण घालून राखत बसलो आणि पोरांना शाफ्टवर उभं करून कवायत करवली. काल खुबा मोडला तो माणूस दवाखान्यात पडलाय आणि तुम्ही लिहिलंत, गळती. कसली गळती? त्या वसाहतीत नळ दाखवा मला एक!”

साहेबांनी रजिस्टर मिटलं.

“अहवाल परत मागवा.”

“अहवाल गेला. सहीचा कागद परत मागवला तर प्रश्न येतात, तुम्हाला कळतं ना? एका टँकरवाल्यासाठी...” ते स्वतःच थांबले. पण तेवढं पुरलं.

“टँकरवाल्यासाठी नाही,” बाई म्हणाल्या. “तूर्तास शाळेसाठी.”

नकाशे, रजिस्टर, ट्रेसिंग उचलून त्या बाहेर पडल्या. तोंडावर ‘तूर्तास’ म्हणायची हिंमत त्या इमारतीत आजवर कोणी केली नव्हती.

*

शाळेच्या मुख्याध्यापिका हजेरीपटांवर रेघा मारत होत्या. ठेंगणी, जाड भिंगांची बाई. अठ्ठावीस वर्षं याच शाळेत. नकाशाखान्यातल्या बाईंनी खिडकीच्या काचेवर चालू नकाशा धरला, त्यावर ट्रेसिंग धरलं आणि चौथ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“हे तुमचं पटांगण. हा ठिपका म्हणजे खाणीचं तोंड. वर लाकडाचं झाकण आणि त्यावर राडारोडा. कालच्यासारखंच.”

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. “किती खोल?”

“जुने लोक दोनशे हात म्हणायचे.”

“रोज सकाळी तिथे तीनशे मुलं उभी राहून प्रार्थना म्हणतात.” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “उड्या मारतात. ‘एक साथ, पाय आपट’ असं मी ओरडते. आवाज चांगला घुमतो म्हणून मला कौतुक वाटायचं.” मग एकदम उसळून, “घुमणारच ना! आणि हे आज सांगताय तुम्ही?”

“आज कळलं.”

“कोणाच्या चुकीने?”

“माझ्या.”

मुख्याध्यापिकांनी हजेरीपट मिटला. “तुमच्या ऑफिसचं पत्र आहे?”

“नाही. मिळणारही नाही एवढ्यात. माझ्या सहीचं देते.” बाईंनी तिथेच बसून अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव, हुद्दा आणि ट्रेसिंग उलटं ठेवल्याची कबुली. दुसऱ्यात साहेबांनी तपासलं म्हणून केलेली सही. तिसऱ्यात चौथा आणि पाचवा शाफ्ट. टँकर चालवणारा निर्दोष असल्याचं चौथ्यात. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक शाळेला.

मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचलं. “तुमच्या एकट्या सहीवर शाळा बंद ठेवली तर माझी चौकशी लागेल.”

“लागेल.”

“हं.” त्या उठल्या, बाहेर जाऊन फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. “वरून आदेश आलाच, तर मला किल्ली शोधायला लागेल. मी कुठे काय ठेवते ते मला आठवत नाही, अशी माझी ख्याती आहे. शिक्षण खात्यात लेखी नोंद आहे तिची.”

*

दुपारी तीनपर्यंत पत्र पोलीस ठाण्यात होतं. चारला धाकटीचा नवरा शस्त्रक्रियेतून बाहेर आला. शुद्धीवर येताच त्याने पहिलं विचारलं, टँकरमधलं पाणी सांडलं का. धाकटी म्हणाली, “सांडलं. आता ते पण तुझ्या नावावर लिहितील.” बाईंना तिने विचारलं, “काय झालं?” आणि सगळं ऐकून झाल्यावर इतकंच म्हणाली, “म्हणजे तूच.” मग डबा उघडून बहिणीपुढे सरकवला. “खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही.”

साडेपाचला साहेबांचा निरोप आला. शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात भोक पाडून पाहण्यात येईल. एक भोक. तीस फूट. पोकळी लागली तर पुढची कारवाई; खडक लागला तर शाळा सोमवारी ठरल्या वेळी भरेल, आणि मूळ कागद परवानगीशिवाय बाहेर नेल्याबद्दल खात्याअंतर्गत चौकशी होईल.

शनिवारी नऊ वाजता भोक पाडायची गाडी फाटकाशी आली. मुख्याध्यापिकांनी फक्त तिच्यापुरती किल्ली शोधून काढली. साहेब आले, हवालदार आला, फाटकात दोरी बांधली आणि तिच्याबाहेर वसाहतीतली माणसं जमली. धाकटीही आली, छत्री घेऊन.

बाईंनी जागा दाखवली. साहेबांनी टेप धरून ठिपका मोजला आणि खडूने फुली मारली. बाईंची जागा फुलीपासून पंचवीस पावलं चढाला होती.

“कागद इथे सांगतो,” साहेब म्हणाले.

“कागद आकसलाय साहेब. परवाचा खड्डासुद्धा ठिपक्यापासून पंचवीस पावलं वर आहे. मोजून घ्या.”

“एका खड्ड्यावरून नियम होत नाही.”

“पण एका भोकावरून शाळा भरते?”

बाहेरून कोणीतरी जोरात हसलं. साहेबांची मान लाल झाली. “मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, कागद सांगतो तिथे पोरं उभी आहेत? मग तूर्तास कागद सांगतो तिथेच.”

बाईंनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं: मनाचं काढू नका, कागद सांगतो तेच. त्यांना स्वतःच्या तोंडात स्वतःचीच चपराक बसल्यासारखं झालं.

गाडीवाल्याने साहेबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि फुलीवर दांडा लावला. पगार फुलीचा होता. दहा वाजता दांडा खाली सुटला. पाच फुटांपर्यंत राडारोडा. अकरा फुटांवर दगड. यंत्राचा आवाज बदलला, धूळ पांढरी झाली. पंधरा फूट, दगड. अठरा, दगड. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

तेव्हा बाई चढाच्या बाजूला चालू लागल्या. मोठ्याने मोजत. पंचविसाव्या पावलावर थांबल्या.

“ताई, तिथून हो बाजूला!” धाकटी फाटकातून ओरडली. “शाफ्ट असेल म्हणतेस आणि त्याच्यावरच उभी राहतेस?”

“तीनशे पोरं उभी राहिली तेव्हा कोणी नाही ओरडलं,” बाई म्हणाल्या. “साहेब, दुसरं भोक इथे. पाडल्याशिवाय मी हलणार नाही.”

“हवालदार, यांना बाजूला घ्या,” साहेब म्हणाले.

हवालदार दोन पावलं पुढे आला. परवा सबंध दिवस तो त्या खड्ड्याच्या कडेला उभा होता. त्याने बाईंच्या पायांखालची जमीन पाहिली आणि तिथेच थांबला. “साहेब, तुम्ही घ्या ना,” तो म्हणाला.

बारा वाजून पाच मिनिटांनी दांडा बावीस फुटांवर होता. खाली अजून दगडच लागत होता. गाडीवाल्याने यंत्र बंद करून विचारलं, गाडी वर बाईंच्या जागी घेऊ की इथेच तीस पुरे करू. साहेबांनी उत्तर दिलेलं नव्हतं. शाळा सोमवारी भरवण्याचा आदेश टंकून त्यांच्या खिशात होता, त्यावर सही नव्हती. फाटकाची किल्ली मुख्याध्यापिकांना परत सापडत नव्हती. धाकटी दोरी ओलांडून आत गेली होती आणि पंचविसाव्या पावलावर, बहिणीच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.